तिसरी

खोर अल बैदाच्या चिखलात
घोट्यापर्यंत रुतून मी दोघींकडे बघते.
दोघीही बुटक्या, बिनपानांच्या,
पेरापेरांनी वाढलेल्या, मिठानं फुगलेल्या.
दहा पावलांवरून एकच झुडूप.
दोन पावलांवरूनही एकच.

होडी ओढता ओढता म्हातारा सालिम म्हणाला,
दोन्हींना शनान.
आई याची राख करून कपडे धुवायची.
कपड्यांना काही फरक पडत नव्हता.

माझ्या तक्त्याला पडतो.
तक्त्यात दोन रकाने आहेत
आणि तक्ता जोडायचा आहे अहवालाच्या शेवटी,
परिशिष्ट चार,
जिथपर्यंत कुणी वाचत येत नाही.
इथे बोटींचा धक्का होणार, हे ठरलेलंच आहे.
आधी मोजून घ्यायचं, एवढंच.

पुस्तक म्हणतं, बी बघा.
एकीचं काळं, टणक. दुसरीचं तपकिरी.
पण बी धरायच्या कितीतरी आधी
आम्हाला इथे पाठवतात, जूनमध्ये,
भिंगावर घाम टपटपतो
आणि दोन्ही झाडं मिळून
एक हिरवट पाणी होतात.

मागे तिवर उभे. ते आपलेच, खाजणातले.
पानावरचं मीठ जिभेला लागलं
की ओळख पटते, तिथे भिंग लागत नाही.

इसहाकभाई परकार गाडीतून उतरले,
पाण्याची बाटली माझ्या हातात दिली,
पँट दुमडली, वाकले.
म्हणाले, मॅडम, ते भिंग ठेवा. हात लावा.
ही बघा, सुळसुळीत, सरळ निसटते.
आणि हिच्या कडेकडेनं मणी.
तसबीसारखे. लागले बोटाला?

लागले.

बुरोंडीला आमची आई, म्हणाले,
ओहोटीच्या चिखलात बसून तिसऱ्या काढायची.
भरलेली तिसरी आणि मेलेली तिसरी
दिसायला सारखीच, दोन्हींची तोंडं मिटलेली.
मेलेलीत नुसता चिखल.
तसली एक जरी टोपात गेली
तरी अख्खं कालवण करकरतं.
आई एकीवर एक वाजवून बघायची.
डोळे भलतीकडेच असायचे,
तोंड शेजारणीशी बोलत असायचं.

रात्री खोलीवर मी गेल्या वर्षीचे कागद काढले.
चौकोन चौदा ते एकतीस.
सगळे मणी सुळसुळीत रकान्यात.
अक्षर माझंच, वळणदार, कुठे खाडाखोड नाही,
खाली सही.
अठरा चौकोन चिखल, मिटल्या तोंडाचा.

साहेबांना सांगितलं.
त्यांनी आकडे बघितले, चष्मा काढला,
एकूण तेवढंच येतंय ना?

येतंय. एकूण तेवढंच येतंय.

याच ऑफिसात मला वैजयंती म्हणतात
आणि वैजयंतीला मृदुला.
आता आम्ही दोघीही ओ देतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल. न सांगता आले इसहाकभाई.
मी लिहिणार, ते हात लावणार.
मणी. मणी. सुळसुळीत. मणी.
मध्येच माझाही हात,
मध्येच त्यांचं चुकलं तर माझं बरोबर,
मग दोघांनी तेच झुडूप पुन्हा चाचपायचं,
आंधळ्यांनी चेहरा चाचपावा तसं.
सालिम लांबून बघत होता. हसत असावा.

चौकोन बावीस.
एका फांदीला मणी, एकीला नाहीत.
मुळापर्यंत उकरलं. बुंधा एकच.
इसहाकभाईंनी दोनदा बोटं फिरवली,
दोन पेरं तोडून एकमेकांवर आपटलीसुद्धा.
आवाज कसला येणार, रस उडाला.

थोडा वेळ उकिडवे बसून राहिले.
मग म्हणाले, मॅडम, ही तिसरी.

तिसरी म्हणजे कोणती, ते मी विचारलं नाही.
रकाने दोनच.
समासात पेन्सिलीनं तिचं चित्र काढायला घेतलं,
मणी असलेली फांदी झाली,
दुसरी अर्धी झाली,
तेवढ्यात चपलांखाली पाणी आलं.